इंग्रजी तपासा, पण भौतिकशास्त्राच्या आडून नको

'जेईई मेन' २०२१पासून मराठीसह तेरा भाषांत होते, हे स्वागतार्हच. पण पुढची 'जेईई अ‍ॅडव्हान्स्ड' केवळ इंग्रजी-हिंदीत, आणि भौतिकशास्त्राची 'गेट' फक्त इंग्रजीत. मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याला गुण कमी पडले, तर त्याला पुंजयामिकी कळली नव्हती की प्रश्नातले वाक्य? अज्ञात राशी दोन आणि समीकरण एक! असे मापन प्रयोगशाळेत आपण बाद ठरवतो.

चीनकडे पाहा. तेथे विद्यापीठ-प्रवेशाची भौतिकशास्त्राची परीक्षा चिनी भाषेत होते. विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या इंग्रजीसाठी १९८७पासून 'सीईटी-४' ही स्वतंत्र परीक्षा आहे. तिच्यात वाचनाला ३५ टक्के भार आहे आणि श्रवणालाही तितकाच. आपल्याकडे 'गेट'च्या सामान्य क्षमतेच्या १५ गुणांत इंग्रजी तपासली जातेच. मग उरलेल्या ८५ गुणांतही तिचीच परीक्षा कशासाठी? शिवाय ती सारी वाचनाची. ऐकून किती समजते, हे कोणीच तपासत नाही. मग दिल्ली विद्यापीठात शिकायला येऊन हिंदूरावच्या आसपास खोली घेतलेला मराठी मुलगा इंग्रजी व्याख्यानात गप्प बसतो आणि विनाकारण 'कच्चा' ठरतो.

'शोधनिबंध तर इंग्रजीतच असतात,' हा आक्षेप मान्य. म्हणूनच इंग्रजी स्वतंत्रपणे शिकवावी आणि तिचे वाचन व श्रवण स्वतंत्रपणे तपासावे. भौतिकशास्त्राचे गुण मात्र भौतिकशास्त्राचेच असावेत. विद्यार्थिमित्रहो, ही मागणी सवलतीची नाही. अचूक मापनाची आहे.