जहाजासाठी घडलेली वाईन

१७०३ साली इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात मेथुएन करार झाला. पोर्तुगीज वाईनवरची जकात फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांशाने कमी झाली आणि लंडनच्या व्यापाऱ्यांचे लक्ष दोरू नदीच्या खोऱ्याकडे वळले. मधे आडवा होता समुद्र. पिंपातली साधी वाईन वाटेत बिघडायची, म्हणून व्यापारी तीत द्राक्षाची ब्रँडी ओतू लागले. अल्कोहोल वाढले की वाईनचा व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंचे फारसे चालत नाही. पुढे ब्रँडी किण्वन चालू असतानाच घालण्याची पद्धत रुळली. त्यामुळे यीस्ट मरते, साखर शिल्लक राहते आणि गोड पोर्ट तयार होते.

मदैरा या पोर्तुगीज बेटाची गोष्ट याच्या पुढची. हिंदुस्थानकडे निघालेली ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे तिथे थांबत आणि पिंपे भरून घेत. उष्ण कटिबंधातून जाताना जहाजाच्या पोटात तापलेली ही वाईन बिघडण्याऐवजी सुधारते, हे लक्षात आल्यावर पिंपे मुद्दाम सफरीवर धाडली गेली. नंतर ती बेटावरच तापवू लागले. तिकडे इटलीत, तुरीनमध्ये १७८६ साली आंतोनियो बेनेदेत्तो कार्पानो यांनी वर्मुथ, म्हणजे मद्य घातलेली कडू-सुगंधी वनस्पतींची गोड वाईन, विकायला काढली. पुढच्या शतकात अमेरिकेतल्या बारमध्ये मॅनहॅटन आणि मार्टिनी जन्मले ते वर्मुथच्याच जोरावर.

या इतिहासाने एक गैरसमज मागे ठेवला: ब्रँडी घातलेली वाईन खराब होतच नाही. बंद पिंपाच्या बाबतीत ते बरेचसे खरे होते. घरातल्या अर्ध्या रिकाम्या बाटलीत मात्र शत्रू वेगळा असतो, तो म्हणजे हवा. मदैराने उष्णता आणि हवा दोन्ही आधीच पचवलेली असल्याने ती उघडल्यावरही महिनोन्‌महिने टिकते. पिंपात मुरलेली टॉनी पोर्ट काही आठवडे तग धरते. व्हिंटेज पोर्ट बंद बाटलीत अनेक दशके राहते, पण बूच निघाले की काही दिवसांची सोबती. यीस्टच्या थराखाली हवेपासून जपलेली फिनो शेरी आठवडाभरात उतरते. वर्मुथ फ्रिजमध्ये महिना-दोन महिने चांगली राहते, बाहेर त्याहून कमी.

आपल्याकडे मद्याची सवय व्हिस्की-रमची. त्या बाटल्या वर्षभर कपाटात राहिल्या तरी बिघडत नाहीत. तोच न्याय आपण गोव्याहून आणलेल्या पोर्टलाही लावतो. ती शोकेसमध्ये मिरवते, पाहुणे आले की निघते आणि एप्रिल-मेचा उकाडा तिथेच सोसते.

उघडलेली वाईन अशी वाया जाऊ नये यावर एक उपाय आहे, कॉकटेल आधीच मिसळून ठेवण्याचा. घाईगर्दीतली सोय म्हणून त्याला नाक मुरडले जाते, पण परंपरा जुनी आहे. अमेरिकन बारटेंडर जेरी थॉमस यांच्या १८६२ च्या पुस्तकात बाटलीत भरून ठेवायच्या कॉकटेलची कृती आहे आणि हार्टफर्डच्या ह्यूब्लाइन कंपनीने १८९२ मध्ये तयार कॉकटेल बाजारात आणली. मुळात हे तर त्या व्यापाऱ्यांचेच तंत्र: वाईन टिकवायची तर तिच्यात मद्य घाला.

हिशेब करून पाहा. ४२.८ टक्क्यांची ७५० मिली व्हिस्की आणि १६ टक्क्यांची ३७५ मिली वर्मुथ मिळून सुमारे ३४ टक्क्यांचे मॅनहॅटन होते. बर्फ वितळून येणारे पाणी आधीच घालायचे म्हणून २२५ मिली पाणी ओतले, तरी २८ टक्के उरतात, म्हणजे नुसत्या वर्मुथपेक्षा कितीतरी जास्त. हे मिश्रण छोट्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवावे. बाटलीत हवेला जागाच उरू नये. लिंबाचा रस मात्र यात नको, तो आयत्या वेळी पिळावा.

आणि हे सगळे वर्मुथ उघडली त्याच दिवशी करावे. मिसळण्याने वाईन जपली जाते, उतरलेली परत येत नाही. सहा महिने शोकेसमध्ये उघडी राहिलेली वर्मुथ कितीही उंची व्हिस्कीत घातली, तरी बिघडते ती व्हिस्कीच.