घरचा हिशेब : न लावलेला रतीब

जामखेडहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, तेव्हा ते छापत नाही. मजकूर थोडक्यात असा :

"ताई, माझ्या यजमानांचं इथे छोटं दुकान आहे. माझं बँकेत स्वतःचं खातं आहे; लाडकी बहीण योजनेचे पैसे त्यातच जमा झाले. सुट्टीत मुलानं इंग्रजी बोलायला शिकवणारं एक अ‍ॅप मोबाईलवर घेतलं. 'सात दिवसांसाठी फक्त एक रुपया' असं त्यावर होतं. मी पिन घालून रुपया भरला. चार दिवसांत त्याची हौस फिटली, मी ते अ‍ॅप काढूनही टाकलं. आठव्या दिवशी खात्यातून १४९९ रुपये गेले! यजमान म्हणाले, 'कुणाला पाठवलेस ते तरी सांग.' मी कुणालाच पाठवले नव्हते. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच, पण त्या प्रश्नाचं जास्त वाटलं. आता मोबाईलवरून पैसे देणंच सोडून दिलंय. माझं काय चुकलं?"

मैत्रिणींनो, असा अनुभव आलेल्या तुमच्यात पुष्कळजणी असतील. तेव्हा उत्तर सगळ्यांसाठीच देते.

दुधाचा रतीब आपण सगळ्याच लावतो. एकदा लावला की रोज सांगावं लागत नाही. बंद करायचा तर मात्र सांगावं लागतं. मोबाईलवरच्या या सेवा म्हणजे असाच रतीब. फरक एवढाच, की गवळ्याला आपण 'उद्यापासून नको हो' असं दारातूनच सांगतो आणि इथे दारात कुणी उभंच नसतं. पूर्वी मासिकाची वर्षाची वर्गणी संपली की कचेरीतून कार्ड यायचं. आपण मनीऑर्डर केली तर अंक चालू, नाही केली तर बंद. गप्प बसणं म्हणजे नकार, अशी ती रीत होती. आता उलट झालंय. आपण गप्प बसलो की होकार धरतात!

त्या एका रुपयाचं काय झालं ते पाहा. पिन घातला तेव्हा दोन गोष्टींना संमती गेली. एक, आजच्या रुपयाला. दुसरी, यापुढे ठरावीक रकमेपर्यंत परस्पर पैसे कापून घ्यायला. या दुसऱ्या संमतीला 'मॅन्डेट' किंवा 'ऑटोपे' म्हणतात. युपीआयवर ही सोय जुलै २०२० मध्ये आली. पडद्यावर रुपया ठळक दिसतो. 'ऑटोपे', जास्तीत जास्त रक्कम आणि किती दिवसांनी कापायची, हे बारीक अक्षरात असतं. आणि अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे संमती रद्द होत नाही. गवळ्याचं भांडं फळीवरून काढून ठेवलं म्हणून रतीब थांबतो का? तसंच हे.

तरीही ग्राहक अगदीच उघड्यावर नाही, बरं का. रिझर्व्ह बँकेचे असे पैसे कापण्याचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून पक्के लागू झाले. पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना गेलीच पाहिजे. कोण कापणार, किती आणि केव्हा, हे त्यात हवं; आणि नको असेल तर नाकारण्याची सोयही हवी. जून २०२२ मध्ये विनापिन कापायची मर्यादा १५,००० रुपये झाली. विम्याचे हप्ते, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना डिसेंबर २०२३ पासून ती एक लाखापर्यंत आहे. सूचना बहुधा इंग्रजीत येते आणि जाहिरातींच्या ढिगात हरवते. म्हणून 'ऑटोपे', 'मॅन्डेट', 'रिन्यूअल' हे तीन शब्द ओळखायला शिका. दिसले की संदेश न पुसता आधी वाचायचा.

आता कामाचं. आज दुपारी मोबाईल घेऊन बसा.

१. ज्या अ‍ॅपवरून पैसे देता, त्यात आपल्या नावाच्या पानावर 'ऑटोपे' शोधा. चालू असलेले सगळे रतीब तिथे दिसतील. नको तो रद्द करा.

२. प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवा. 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' मध्ये दुसरी यादी असते. तीही तपासा.

३. नवी सेवा घेतली की मुदत संपण्याच्या दोन दिवस आधीची तारीख कॅलेंडरवर लिहा. दुधाचे खाडे लिहितो तिथेच.

४. पैसे गेलेच असतील तर कंपनीला लेखी कळवा. तारीख, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक द्या आणि सेवा वापरली नाही हे स्पष्ट लिहा. मात्र कंपनीचा फोन नंबर इंटरनेटवर शोधून लावू नका. तिथे ठग नंबर पेरून बसलेले असतात. पैसे परत मिळवायला पिन कधीच लागत नाही.

५. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्ह्याचा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. बँकेनं आधी सूचनाच दिली नसेल तर बँकेकडे तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

तक्रार करताना बिचकू नका. आत शिरणं सोपं आणि बाहेर पडणं अवघड ठेवणं, ही व्यापारातली लबाडीच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा क्लृप्त्यांना मनाई केली. त्यात 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' आहे. अमेरिकेत तर सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉननं 'प्राईम' सभासदत्वाच्या खटल्यात अडीच अब्ज डॉलर्सची तडजोड केली. ग्राहकांना नकळत सभासद करून घेतलं आणि बाहेर पडणं अवघड केलं, असा सरकारी आयोगाचा आरोप होता. तेव्हा फसणाऱ्या बायका अडाणी, असं कुणी म्हणू नये. शिकलेसवरलेलेही फसतात.

जामखेडच्या भगिनीला आणखी एक सुचवते. चौंडी तुमच्याच तालुक्यात. तिथे १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंनी दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा वेगळा ठेवला. आपणही तसंच करावं. मोबाईलला जोडायचं खातं वेगळं, त्यात दोन-तीनशे रुपयेच. बचतीचं खातं मोबाईलपासून दूर. कापणाऱ्यानं हात घातला तरी फार हाती लागणार नाही.

मात्र मोबाईलवरून पैसे देणं सोडू नका. आपलं खातं आपल्या हातात आलं, ही साधी गोष्ट नाही. ती यादी यजमानांसमोरच उघडा. १४९९ रुपये कुठे गेले ते नावानिशी तिथे दिसेल, तुम्हाला सांगावंही लागणार नाही. आणि त्यांच्याही मोबाईलमधली यादी बघा हं! क्रिकेटच्या सामन्यांसाठी लावलेला एखादा रतीब तिथेही चालू निघायचा.

पुढच्या अंकात भिशीचा हिशेब लेखी कसा ठेवावा ते पाहू.