मुक्कामाची मर्यादा



गेल्या वर्षी याच दिवसांत आमचा मुलगा हात गळ्यात बांधून दुकानाच्या गादीवर बसला होता. मित्रांसमवेत सायकलने निघालेला, ठरलेल्या मुक्कामी दुपारी चारलाच पोहोचलेला. परंतु ‘आणखी तीस किलोमीटर सहज होतील’ म्हणून पुढे गेला आणि अंधारात खड्ड्यात आपटून खांद्याचे हाड मोडून घेतले. त्यामुळे यंदा त्याने पुन्हा नकाशा पसरला, तेव्हा घरात क्षणभर कोणीच काही बोलले नाही.

बेत मात्र मन मोहून घेणारा होता. श्रवणबेळगोळहून निघावयाचे, हासन-बेलूरवरून चार्माडी घाट उतरून धर्मस्थळ गाठावयाचे. तेथून वेणूर, मूडबिद्री, कारकळ. मग कुद्रेमुखचे डोंगर चढून कळस, चिकमगळूर, हळेबीड, आणि हासनवरून पुन्हा गोमटेश्वराच्या चरणांशी. एकंदर सुमारे साडेपाचशे किलोमीटर. या एका फेरीत भगवान बाहुबलींच्या चार भव्य मूर्तींचे दर्शन घडते : श्रवणबेळगोळची इसवी सन ९८१ च्या सुमाराची, कारकळची १४३२ ची, वेणूरची १६०४ ची आणि धर्मस्थळची, १९८२ साली प्रतिष्ठापना झालेली. शिवाय मूडबिद्रीची हजार खांबांची बसदी आहेच.

मुलाने या सर्वांसाठी चार दिवस धरले होते. माझ्या आईने चष्मा लावून तो कागद पाहिला आणि एवढेच विचारले, “बाळा, संध्याकाळचे जेवण कोठे?”

त्या एका प्रश्नाने सारा हिशेब नव्याने मांडावा लागला. डिसेंबरात त्या प्रदेशी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि उजेडाचा दिवस जेमतेम साडेअकरा तासांचा असतो. लांब पल्ल्याच्या ‘ब्रेव्हे’ प्रकारात २०० किलोमीटरांना साडेतेरा तासांची मुदत असते. म्हणजे ती मुदतच आपल्या दिवसात मावत नाही. न्याहारी, दुपारचे जेवण, दर्शन आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन वजा केले, तर प्रत्यक्ष सायकल चालविण्यास सहा-सात तास उरतात. सामानासह सपाटीवर ताशी पंधरा किलोमीटर धरावेत; घाटात आठ मिळाले तरी पुष्कळ. म्हणून पठारावर दिवसाला नव्वद आणि चढावर सत्तर, हीच खरी ऐपत. चार दिवसांचे सात झाले.

चढ-उताराचा जमाखर्च तर व्यापाऱ्याच्या मुलास सहज उमजावा. हासन सुमारे साडेनऊशे मीटर उंचीवर, तर कारकळ शंभर मीटरांच्याही आत. फेरी जेथून सुरू होते तेथेच संपावयाची असल्याने, जितके उतरावे तितके चढणे भागच. चार्माडीचा सुखद उतार म्हणजे घेतलेली उचल. ती चौथ्या दिवशी कारकळहून कुद्रेमुखकडे चढताना व्याजासह फेडावी लागते. म्हणून तिसरा दिवस धर्मस्थळ ते कारकळ असा सुमारे सत्तर किलोमीटरांचाच ठेवला. तीर्थदर्शनही होईल आणि पायांना विसावाही मिळेल. चौथ्या दिवसाची वाट राष्ट्रीय उद्यानातून जाते. तेथील प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्यावेत आणि शिदोरी जवळ बाळगावी. खाकरा, शेंगदाण्याचे लाडू, खजूर आणि मुक्कामी उकळून घेतलेले पाणी. उपाहारगृहात बोलण्यासाठी आईनेच एक कानडी वाक्य पाठ करवून घेतले : “ईरुळ्ळी, बेळ्ळुळ्ळी बेड.” कांदा, लसूण नको.

आपल्या आचार्यांनी श्रावकास दिग्व्रत सांगितले आहे : दाही दिशांना कोठवर जावयाचे, याची आयुष्यभराची मर्यादा. त्या मर्यादेतही नियत काळापुरती अधिक लहान सीमा घालून घेणे, ते देशव्रत. दिग्व्रताचे पाच अतिचारही सांगितले आहेत : वर, खाली वा तिरके जाताना सीमा ओलांडणे, लोभाने क्षेत्र वाढविणे आणि घातलेली सीमा विसरणे. सहलीला व्रत म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तरीही गेल्या वर्षीचे ते ‘आणखी तीस किलोमीटर’ म्हणजे क्षेत्रवृद्धीच नव्हे काय? अंगात बळ होते, रस्ता मोकळा होता, म्हणूनच मोह झाला. बळ संपल्यावर थांबणे कोणासही जमते. बळ असताना थांबणे, हीच मर्यादा. आणि रात्रिभोजनत्यागामागे जो विचार आहे, की अंधारात जीव दृष्टीस पडत नाहीत, तोच रस्त्यावरही लागू पडतो. ज्या काळोखात जीव दिसत नाही, त्यात खड्डाही दिसत नाही.

सात दिवसांच्या बेतामुळे एक लाभ अनपेक्षितपणे पदरी पडला. गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला लेख मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत गणला जातो. त्यात मूर्ती करविणाऱ्या चामुंडरायाबरोबरच भोवतीचा परिसर बांधविणाऱ्या गंगराजाचेही नाव आहे. त्याच गंगराजाच्या स्मरणार्थ त्याचा पुत्र बोप्प याने ११३३ मध्ये हळेबीडला पार्श्वनाथ बसदी उभारली. पहिल्या बेतात हळेबीडहून ही मुले केवळ पुढे सरकणार होती. आता सहाव्या दिवशी तेथे दोन तास राखून ठेवले आहेत. पित्याचे नाव वाचून निघावे आणि पुत्राने उभारलेले त्याचे स्मारक पाहून परतावे, याहून सुरेख वर्तुळ ते कोणते!

मार्गशीर्षात मुले निघतील. प्रत्येक दिवसाचा मुक्काम लिहिलेला कागद मुलाने स्वतः आजीच्या हाती दिला आणि त्याखाली एक ओळ जोडली : ‘लवकर पोहोचलो, तरी पुढे जाणार नाही.’ आईने तो देव्हाऱ्यात ठेवला आहे. तिला आता त्याच्या वेगाची चिंता उरलेली नाही.

जय जिनेंद्र.