चेहरा नसलेली बाई

'टॉम अँड जेरी' पाहून हसला नाही असा माणूस विरळाच. आपल्याकडे १९९५ साली कार्टून नेटवर्क आले आणि केबल असलेल्या घरांतून आजोबा आणि नातवंडे त्या मांजर-उंदरापुढे एकत्र बसू लागली. त्यातल्या जुन्या लघुपटांत एक बाई येते. जाडजूड पाय, घसरलेले मोजे, पायांत सपाता आणि हातात झाडू. ती टॉमवर खेकसते, घराबाहेर काढण्याची धमकी देते. कमरेच्या वर मात्र ती सहसा दिसतच नाही. घरकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईचे अमेरिकन करमणुकीने पिढ्यान्पिढ्या रंगवलेले हे ठरीव चित्र. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी ते १९४० पासून १९५२ पर्यंत वापरले.

त्याच १९४० च्या फेब्रुवारीत हॅटी मॅक्डॅनिएल यांना 'गॉन विथ द विंड'मधील अशाच मोलकरणीच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. समारंभात मात्र त्यांना सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवले गेले. पडद्यावरचे हसू आणि समाजातली पायरी यांचे नाते असे असते.

पुढे नागरी हक्कांच्या चळवळीने अमेरिका ढवळून निघाली आणि १९६० च्या दशकात दूरचित्रवाणीवर दाखवताना ही बाई अडचणीची वाटू लागली. मग काही लघुपटांत तिला पुसून त्या जागी गोरी बाई काढली गेली. आवाजही बदलला, जून फोरे यांनी तो आयरिश ढंगात दिला. प्रश्न मिटला असे वाटले. पण पुसले कोण गेले? मूळ आवाज होता लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा. त्या चेहराहीन चित्रात जिवंत असे जे काही होते, ते त्या दणदणीत आवाजातच होते. अपमानाचे चित्र काढले गोऱ्यांनी. दुरुस्तीत गेली ती तिची मेहनत.

उलट उदाहरणही आहे. स्पीडी गोन्झालेस हा मेक्सिकन उंदीर अमेरिकेतल्या कार्टून नेटवर्कने १९९९ मध्ये बाजूला ठेवला. तेव्हा लॅटिन वंशाच्या प्रेक्षकांनीच तो परत मागितला आणि २००२ मध्ये तो परतला. आपल्यातला हा चपळ गडी नेहमी जिंकतो, हे त्यांना दिसत होते. ज्यांचे चित्र आहे त्यांना विचारावे, एवढा साधा शहाणपणा आधी सुचला नव्हता.

बँकेत आम्हाला एक दंडक होता. लेजरमधली चुकीची नोंद खरवडायची नाही. तिच्यावर रेघ मारायची, बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. मूळ आकडा वाचता आलाच पाहिजे; नाहीतर चूक आणि लबाडी यांतला फरक कळणार कसा? २००५ मध्ये 'टॉम अँड जेरी'च्या एका डीव्हीडी संचाला व्हूपी गोल्डबर्ग यांचे निवेदन जोडले गेले. ही चित्रणे तेव्हाही चूक होती, आजही आहेत. पण ती दडवणे म्हणजे तो पूर्वग्रह नव्हताच असे म्हणणे, असा त्याचा आशय. मला ती शेजारची सही वाटते.

मुले निवेदन ऐकत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. म्हणून तर शेजारी मोठे माणूस हवे. एखादे नातवंड विचारील, 'या बाईला तोंड का नाही?' त्या प्रश्नात अमेरिकेचा केवढा तरी इतिहास आहे. गोरी बाई काढून ठेवली की तो सांगण्याचे निमित्तच हातचे जाते.