रानातल्या दगडी भिंतींचा ताळेबंद

न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या खोऱ्यात, स्टॉर्म किंग हे उघड्या माळावरचे शिल्पसंग्रहालय आहे. तेथे अँडी गोल्डस्वर्दी या ब्रिटिश कलावंताने १९९७-९८ मध्ये २,२७८ फूट लांबीची एक दगडी भिंत उभी केली. चुना नाही, सिमेंट नाही. कोकणातल्या गडग्याप्रमाणे केवळ दगडावर दगड बसवलेला. झाडांना वळसे घालीत ती तळ्यात उतरते आणि पैलतीरी निघून टेकडी चढते. पाहणारे त्या वळणांवर लुब्ध होतात, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु ती ज्या पडक्या भिंतीच्या खुणेवरून सुरू होते, ती कोणा शेतकऱ्याची होती. आणि ती ज्यांना वळसे घालते ती झाडे शेती सुटल्यानंतर वाढलेली आहेत.

शेजारच्या न्यू इंग्लंडमध्ये तर अशा भिंती रानोरान आढळतात. हिमनद्यांनी तेथील जमिनीत दगड पेरून ठेवले होते. हिवाळ्यात माती गोठली की ते वर येत, आणि नांगरणीपूर्वी ते वेचून, चाके नसलेल्या लाकडी ओढगाडीवर लादून, बैलांकरवी शेताच्या कडेला न्यावे लागत. भिंत ही आधी अडगळ, मग कुंपण! पुढे १८२५ मध्ये ईरी कालवा खुला झाला, त्यामागून रेल्वे आली. पश्चिमेच्या सुपीक जमिनीतील स्वस्त धान्यापुढे या खडकाळ शेतांचा टिकाव लागला नाही. स्थलांतर करणाऱ्यांना बैल नेता आले, अवजारे नेता आली. भिंतींत गुंतलेले पिढ्यांचे श्रम मात्र जागीच राहिले. अर्थशास्त्र याला बुडीत खर्च म्हणते; शब्द अचूक असला तरी जरा कोरडाच.

गोल्डस्वर्दी यांनी २०१० मध्ये त्याच संग्रहालयात रचलेल्या दुसऱ्या भिंतीचे नावच ‘पाच माणसे, सतरा दिवस, पंधरा शिळा, एक भिंत’ असे आहे. श्रमाचा हिशेब शीर्षकातच मांडण्याचा हा प्रामाणिकपणा विरळा. मूळ भिंती रचणाऱ्यांचे दिवस कोणी मोजले नाहीत. त्यांची कागदपत्रे म्हणजे त्या भिंतीच. विमानातून सोडलेल्या लेसर किरणांच्या साह्याने कनेक्टिकटमधील संशोधकांनी दाट रानाखालच्या भिंतींचे नकाशे काढले, तेव्हा बुजलेली शेते पुन्हा दिसू लागली.

आज याच शेवाळलेल्या दगडांना बागांच्या सजावटीसाठी मोल आले आहे. न्यू हॅम्पशायर राज्यात भिंतीचे दगड परवानगीवाचून नेणाऱ्याकडून तिप्पट भरपाई वसूल करण्याची तरतूद आहे. आपल्याच रानातील भिंत मोडून विकणाऱ्या मालकाला ती लागू होत नाही.