बापाच्या वाट्याचे बालशिक्षण

मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, हा विचार महाराष्ट्राला कोसबाडच्या टेकडीने दिला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले व १९५७ मध्ये ते कार्य कोसबाडला नेले. पाड्यावरची मुले बालवाडीपर्यंत पोहोचत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. ‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर नेला. ज्या भूमीत हा विचार रुजला त्याच पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूरच्या कारखानदारी पट्ट्यात आज तो पुन्हा आठवावा लागतो. या वेळी मुलासाठी नव्हे, मुलाच्या बापासाठी.

बालमानसशास्त्रानेही बापाची दखल उशिराच घेतली. जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये लिहिलेल्या अहवालात मातेच्या सहवासाला केंद्रस्थान होते. बाप हा प्रामुख्याने मातेचा आधार. १९७० नंतर मायकेल लॅम्ब प्रभृती संशोधकांनी या समजुतीची फेरतपासणी केली. लॅम्ब यांनी संपादित केलेला, बालविकासातील पित्याच्या भूमिकेवरचा ग्रंथ १९७६ साली निघाला. तान्हे मूल बापाशीही जिव्हाळ्याचे नाते जोडते, आणि ते नाते काळजी घेणाऱ्याच्या लिंगावर नव्हे तर त्याच्या रोजच्या प्रतिसादावर पोसते, हा या अभ्यासाचा मथितार्थ. मात्र बापाचे केवळ घरात असणे पुरेसे नाही. धाक दाखविणाऱ्या बापाच्या सहवासाने मुलाचे हितच होते असे नव्हे.

हा विचार सर्वस्वी परका आहे असेही नाही. भावनगरला ताराबाईंनी ज्यांच्यासमवेत काम केले ते गिजुभाई बधेका व्यवसायाने वकील होते. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या काळजीतून ते माँटेसरींच्या ग्रंथांकडे वळले आणि १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर काढले. लोक त्यांना कौतुकाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणत. कोसबाडच्या परंपरेच्या मुळाशी असा एक बाप उभा आहे.

प्रत्यक्ष चित्र मात्र वेगळे आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग सर्वेक्षणानुसार, १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांची देखभाल करतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आहे. देखभाल करणाऱ्या स्त्रीचे दिवसाकाठी १४० मिनिटे त्यात जातात, पुरुषाची ७४.

याचा सारा दोष बापाच्या माथी मारणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. बोईसरच्या चाळीत राहणारा परप्रांतीय कामगार आजी-आजोबांना गावी सोडून आलेला असतो. पाळी संपवून, कधी जादा काम करून परतणाऱ्या माणसाला वात्सल्याचे उपदेश ऐकवून काय साधणार? कायद्याचेही तसेच. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाळणाघराची सक्ती स्त्री-कामगारांच्या संख्येवर ठरविली. २०१७ च्या मातृत्वलाभ दुरुस्तीने ५० कर्मचाऱ्यांचा निकष आणला, त्यात पुरुषही मोजले गेले; परंतु पाळणाघराला दिवसातून चार वेळा भेट देण्याची मुभा केवळ आईला दिली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यास १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते; खासगी कारखान्यातील कामगाराला तो हक्क देणारा देशव्यापी कायदा नाही.

कायदा बदलेपर्यंत स्वस्थ बसण्याचे मात्र कारण नाही. दुसऱ्या पाळीचा कामगार अंगणवाडी भरते त्या वेळी घरीच असतो. मुलाला पोहोचविण्याचे, तेथे घटकाभर बसण्याचे निमंत्रण त्याला कोणी देत नाही, कारण बैठका असतात त्या मातांच्या. त्या बैठका राहाव्यातच. पुरुषांच्या देखत अनेक स्त्रिया मोकळेपणाने बोलत नाहीत. परंतु त्यांच्या जोडीला पाळ्यांचे वेळापत्रक पाहून बापांच्या बैठका घेता येतील. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी त्या चाळीतही भरविता येतील. मुलाला न्हाऊ-जेवू घालावे, त्याच्याशी घरच्या भाषेत बोलावे, गोष्ट सांगावी, एवढेच तेथे दाखवायचे. यासाठी अंगणवाडी सेविकेवर आणखी एक बिनमोल काम लादता कामा नये. तिला वाढीव मानधन आणि कारखान्यांचे साहाय्य मिळाले पाहिजे.

पाड्यावरचे मूल बालवाडीत येत नाही म्हणून ताराबाईंनी त्याला नावे ठेवली नाहीत. त्यांनी बालवाडीची जागा आणि वेळ बदलली. बापाच्या बाबतीत तेवढा बदल बोईसर-तारापूरला अशक्य का असावा?