आपल्याच पराभवाची मोजदाद

अमेरिकेतील राजकीय वादाला गेल्या पाव शतकात इतकी कटुता आली आहे की, त्या राष्ट्राच्या ऐक्याविषयी शंका व्यक्त करण्याची जणू प्रथाच पडली आहे. रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट हे दोन पक्ष नसून दोन वैरी समाज आहेत, असे चित्र नित्य रंगविले जाते. ते सर्वस्वी खोटे नाही, पण अपुरे निश्चित आहे.

अध्यक्षीय निवडणुकीनंतर ६ जानेवारीला तेथील संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर निर्वाचक मंडळाची मते मोजली जातात. अध्यक्षस्थानी असतात उपराष्ट्राध्यक्ष. कधी कधी पराभूत उमेदवारही तेच असतात!

२००१ मध्ये अल गोर यांच्यावर हा प्रसंग आला. देशभरात पाच लाखांहून अधिक मतांची आघाडी असूनही फ्लोरिडातील अवघ्या ५३७ मतांनी त्यांचे अध्यक्षपद हुकले होते. फेरमोजणी थांबविणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १२ डिसेंबर २००० रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी झाला. तो आपल्याला मान्य नसल्याचे स्पष्ट सांगून गोर यांनी दुसऱ्याच दिवशी तो शिरोधार्य मानला. मोजणीच्या वेळी त्यांच्याच पक्षाचे प्रतिनिधी एकामागून एक आक्षेप घेण्यास उठले. आक्षेपावर एका सिनेटरची स्वाक्षरी आवश्यक होती. एकही सिनेटर पुढे आला नाही. आपल्याच बाजूने घेतलेले ते आक्षेप गोर यांनी स्वतः फेटाळले आणि बुश २७१, गोर २६६ असा निकाल वाचून दाखविला. सत्ता हातातोंडाशी आली असताना हा संयम दाखविणे सोपे नव्हते.

नेमक्या वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, त्याच वास्तूत हिंसक जमाव घुसला. निकाल रोखण्यासाठी स्वपक्षाच्या राष्ट्राध्यक्षांचा दबाव असतानाही उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स बधले नाहीत. त्याच रात्री कामकाज पुन्हा सुरू झाले आणि पहाटे बायडेन यांचा विजय घोषित झाला. ती जखम अद्याप भरलेली नाही, हे मान्य केलेच पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये त्या प्रकरणातील सुमारे दीड हजार जणांना ट्रम्प यांनी क्षमादान दिल्यावर दोन्ही बाजूंच्या प्रतिक्रियांत मुळीच मेळ नव्हता.

तरीही २०२२ मध्ये दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मिळून मोजणीचा कायदा सुधारला. आक्षेपासाठी आता प्रत्येक सभागृहातील एक पंचमांश सदस्यांचा पाठिंबा लागतो. उपराष्ट्राध्यक्षांची भूमिका निव्वळ औपचारिक ठरविण्यात आली आहे. गदारोळाच्या बातम्यांत या कायद्याची वार्ता कोपऱ्यातच राहिली.

६ जानेवारी २०२५ रोजी कमला हॅरिस अध्यक्षस्थानी होत्या. बाहेर बर्फ पडत होता, संसदभवनाभोवती उंच कुंपण उभारले होते. ट्रम्प ३१२, हॅरिस २२६, असा आपल्याच पराभवाचा निकाल त्यांनी जाहीर केला. एकही आक्षेप आला नाही. सारे कामकाज सुमारे अर्ध्या तासात आटोपले.